पुढच्या वर्षी इथेनॉल किती निघेल, हे कसं ओळखायचं

डिस्टिलऱ्यांची क्षमता किती, हा आकडा आधी बाजूला ठेवा. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला आहे. आमचं प्लांट थांबतं ते यंत्रं कमी पडली म्हणून नाही, पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्यांची उचल नसते म्हणून.

पहिलं बघायचं ते तेल कंपन्यांचं टेंडर. इथेनॉलचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. २०२५-२६ साठी कंपन्यांनी मागितलं १०५० कोटी लिटर आणि डिस्टिलऱ्यांनी देऊ केलं १७७६ कोटी. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०२५ मध्येच गाठून झालं. त्यामुळे सरकार टक्केवारी वाढवत नाही तोवर पेट्रोलचा खप वाढेल तेवढीच इथेनॉलची वाढ धरा.

मग दरांचं गणित. २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३०५ रुपयांवरून ३४० वर गेली. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र लिटरला ६५.६१ रुपयांवरच राहिला. अशा वेळी कारखाना साखरेकडे झुकणार, त्यात नवल काय? त्यात सरकारी आदेशाचीही धास्ती. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली. पाऊस कमी झाला आणि साखरेचा साठा आटला, की असला आदेश येऊ शकतो हे गृहीतच धरा.

"उतारा घसरला", म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी घटली, अशी बातमी वाचून लगेच ऊस खराब म्हणू नका. बी-हेवी मळीचा (सगळी साखर न काढता मधल्याच टप्प्यावर बाजूला घेतलेल्या मळीचा) नमुना हातात घेतला तर कळतं, साखर त्यातच राहिलेली असते. ती मुद्दाम ठेवलेली, इथेनॉलसाठी. उतारा तेवढ्यानेच एक-दीड टक्का कमी दिसतो.

आता मका. इथेनॉल त्यापासूनही होतं. खरा खेळ आता तिथे आहे, आम्हा साखरवाल्यांना आवडो न आवडो. टनाला साधारण ३८० लिटर धरा. मक्याच्या इथेनॉलच्या ७१.८६ रुपये दराने ते झाले २७,३०० रुपये. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव टनाला २४,०००. मधल्या ३,३०० रुपयांत वाफ, वीज, एन्झाइम, व्याज. वर डीडीजीएसचे, म्हणजे इथेनॉल काढून उरलेल्या, पशुखाद्यात जाणाऱ्या चोथ्याचे पैसे येतात, पण पोल्ट्रीवाले सोयापेंड स्वस्त झाली की त्याचाही भाव पाडतात. म्हणून बाजार समितीतला मक्याचा भाव रोज बघत जा. हमीभावाच्या बराच खाली गेला, तर पुढच्या टेंडरला मक्यावरच्या डिस्टिलऱ्या तुटून पडणार.