लॅटिसची दिशा उलटवण्याआधी

एमसीएनपी हा किरणोत्साराच्या कणांचा प्रवास संगणकावर मोजणारा प्रोग्राम. त्यात लॅटिस म्हणजे एकसारख्या खणांची (घटकांची) जाळी, आणि फिल म्हणजे कोणत्या खणात काय भरायचं याची यादी. मूळ फाईलची प्रत ठेवा. मग नक्की काय हवंय ते कागदावर लिहा: वस्तू जागच्या जागी ठेवून फक्त मोजणी उलट करायची, की सगळी मांडणीच आरशातल्यासारखी? पहिल्यात पृष्ठभागांचा क्रम आणि फिलची यादी दोन्ही उलटतात, दुसऱ्यात एकच.

एमसीएनपीत दिशा ठरते ती लॅटिसच्या सेल कार्डावरच्या (फाईलमधल्या त्या खणाच्या ओळीतल्या) पृष्ठभागांच्या क्रमाने. पहिल्या पृष्ठभागापलीकडचा घटक [१ ० ०] (हे त्याचे निर्देशांक), दुसऱ्यापलीकडचा [-१ ० ०]. म्हणजे पहिल्या दोघांची अदलाबदल करायची, त्यांच्या अधिक-उणे चिन्हांना हात लावायचा नाही. आरपीपी (एकाच ओळीत लिहिलेली आयताकृती पेटी) वापरला असेल तर त्याचा क्रम ठरलेलाच असतो. सहा प्रतलं सुटी लिहा.

आणि इथेच थांबून टॅलीतले (काय मोजायचं ते सांगणाऱ्या ओळींतले) निर्देशांकांचे चौकोनी कंस शोधा. मागच्या वेळी हेच राहिलं होतं. फिलची कक्षा (निर्देशांक कुठून कुठपर्यंत) -४:४ अशी सममित असेल, तर [३ ० ०] उलटवल्यानंतरही वैधच राहतो, फक्त समोरच्या बाजूचा घटक मोजतो. इशारा येत नाही, आकडा शहाण्यासारखा दिसतो. टॅली जागेला बांधलेली आहे की त्या घटकाला, हे प्रत्येक कंसापाशी विचारा. स्रोताच्या (कण जिथून निघतात त्या जागेच्या) सेलच्या वाटेत कंस असतील तर तेही.

कक्षा ०:९ असेल तर ती -९:० होते. ती बदलायची राहिली तर ती चूक निदान ओरडते: कण हरवतात आणि नेहमीच्या सेटिंगला दहा हरवले की रन थांबतो. कंस ओरडत नाहीत. म्हणून पुन्हा: कंस.

फिलची यादी उलटताना आधी पुनरावृत्तीची आर-चिन्हं (५आर म्हणजे आधीचा आकडा आणखी पाच वेळा) मोडून सगळे आकडे सुटे करा. ‘३ ५आर’ उलटं लिहिलं की ५आर तिनाच्या आधीच्या आकड्याला चिकटतो. यादीत पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने फिरतो, त्यामुळे फक्त ओळीतला क्रम उलटतो, ओळींचा नाही. युनिव्हर्सच्या (खणात भरलेल्या तयार रचनेच्या) आतली असममित मांडणी याने उलटत नाही. तिचं वेगळं बघावं लागतं.

के-इफेक्टिव्हवर (अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया कितपत टिकते ते सांगणाऱ्या आकड्यावर) पडताळणी करू नका. पूर्ण आरसा-प्रतिमेचा के-इफेक्टिव्ह तोच राहतो, आणि सममित गाभ्यात चूक दिसतच नाही. कोपऱ्यातल्या एका घटकात तात्पुरतं वेगळं द्रव्य घाला आणि निर्देशांकांची लेबलं लावून चित्र काढा. व्हॉक्सेल फँटममध्ये (छोट्या घनांनी बनवलेल्या शरीराच्या प्रतिकृतीत) खूण आयतीच असते. आयसीआरपी या किरणोत्सार-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ११० क्रमांकाच्या अहवालातल्या प्रौढ फँटममध्ये स्तंभ शरीराच्या उजवीकडून डावीकडे, ओळी पुढून मागे, काप पायांकडून डोक्याकडे मोजतात. यकृत शरीराच्या उजवीकडे दिसलं पाहिजे.

मग छोटा रन, हरवलेले कण शून्य, खुणेचं द्रव्य काढलं, फाईलला नवं नाव. मोठा रन टाकण्याआधी ‘[’ शोधून प्रत्येक कंस एकदा मोठ्याने वाचा.