स्ट्रटॉक वापरताय? या चुका टाळा

मुंबईतल्या कॉलेजांत सबमिशनचे दिवस आले की सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांची ठरलेली तक्रार ऐकू येते: "सर, कोड तर बरोबर आहे, पण सेगमेंटेशन फॉल्ट येतोय." म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम मधेच बंद पडतोय.

कोड उघडला की बहुतेकदा कॅरेक्टर पॉइंटरला थेट "दादर,माटुंगा,शीव" ही लिटरल (कोडमध्येच अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग) दिलेली दिसते आणि तीच स्ट्रटॉकच्या हवाली केलेली. स्ट्रटॉक (strtok) म्हणजे दिलेल्या डिलिमिटरवर, म्हणजे स्वल्पविरामासारख्या तोडायच्या चिन्हावर, स्ट्रिंगचे तुकडे (टोकनं) करणारं सीमधलं फंक्शन. स्ट्रटॉक कॉपी काढून देत नाही. सापडलेल्या स्वल्पविरामावर '\0' लिहून ते तुमचीच स्ट्रिंग तोडतं. लिटरल सहसा रीड-ओन्ली मेमरीत असते, म्हणून प्रोग्राम आडवा होतो. पॉइंटरऐवजी ॲरे घ्या. मूळ मजकूर पुढे लागणार असेल तर आधीच कॉपी करून ठेवा.

हाती येणारी टोकनंही त्याच बफरमधले, म्हणजे तुमच्या मूळ ॲरेतले, पॉइंटर असतात. एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने पुढची ओळ त्याच बफरमध्ये वाचलीत की आधी साठवलेल्या टोकनांत नव्या ओळीचे तुकडे दिसायला लागतात. ठेवायची असतील तर स्ट्रडपने त्यांची वेगळी कॉपी करा, काम झालं की फ्रीने ती मेमरी मोकळी करा.

दुसऱ्या कॉलपासून स्ट्रिंगच्या जागी नल द्यायचं असतं. लूपमध्ये परत स्ट्रिंगच दिलीत तर पहिलंच टोकन पुन्हा पुन्हा छापलं जाईल.

"दादर,माटुंगा,,कुर्ला" यात तिसरी जागा रिकामी आहे. स्ट्रटॉक लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतं आणि फास्ट लोकलसारखं शीव न घेता कुर्ला गाठतं. पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकतात, एररही येत नाही. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या फाइलींसाठी) म्हणूनच मी ते वापरू देत नाही. लिनक्स, मॅकवर स्ट्रसेप आहे, ते रिकामी टोकनंही देतं. मात्र ते तुमचा पॉइंटर पुढे सरकवतं, तेव्हा फ्रीसाठी मूळ पत्ता वेगळा ठेवा.

बाहेरच्या लूपमध्ये ओळी आणि आतल्या लूपमध्ये शब्द तोडायला गेलात तर पहिल्याच ओळीनंतर कारभार आटोपतो, कारण स्ट्रटॉक एका वेळी एकच जागा लक्षात ठेवतं. स्ट्रटॉक-आर घ्या, त्यात ही जागा तुम्ही दिलेल्या वेगळ्या पॉइंटरमध्ये राहते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ते स्ट्रटॉक-एस नावाने मिळतं. सी ११ मधलं त्याच नावाचं फंक्शन मात्र तीनऐवजी चार आर्ग्युमेंट्स घेतं.

आता खास आपला घोळ. मराठी मजकूर दंडावर (।) तोडायचा म्हणून डिलिमिटरमध्ये "।" दिला जातो. स्ट्रटॉकला तिथे एक चिन्ह दिसत नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत दंडाचे तीन बाइट होतात आणि त्यांतला प्रत्येक बाइट स्वतंत्र डिलिमिटर ठरतो. त्यांतला पहिला तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या सुरुवातीला असतो. दुसऱ्या जागी येणारे दोन्ही बाइटही दंडातच आहेत. मग "दादर" या १२ बाइटांच्या शब्दाची एकेका बाइटाची चार टोकनं होतात आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्हं नाचतात. इथे स्ट्रस्ट्र या स्ट्रिंगमध्ये स्ट्रिंग शोधणाऱ्या फंक्शनने अख्खा दंड शोधा आणि पॉइंटर ३ बाइट पुढे न्या. स्वल्पविराम आणि स्पेस एकेका बाइटाचे असल्याने त्यांच्यावर मराठी मजकूर बिनधास्त तोडता येतो.