लसीकरणावर व्हीआर गेम करायचाय? आधी हे वाचा

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून शिरायचं आभासी जग. त्यात आरोग्याचे गेम करण्याच्या कामात नवीन आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच गेम असतो: हातात बंदूक, समोर काटेरी विषाणू, उडवा धडाधड. खेळायला मजा येते, पण लस अशी काम करतच नाही. ती विषाणू मारत नाही, शरीराला त्याची आगाऊ ओळख करून देते. गेममधली पात्रं काय बोलली हे खेळणारा विसरतो; आपल्या हातांनी काय केलं ते लक्षात राहतं. त्यामुळे गेमचा नियमच चुकीचा असेल, तर नंतर कितीही माहिती वाचायला दिली तरी उपयोग नाही.

मी सुरुवातीला गेमचा विषय म्हणून गोवर निवडायला सांगते. गोवरचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. कागदावर हे एक वाक्य असतं. हेडसेटमध्ये तुम्ही रिकाम्या प्रतीक्षागृहात शिरता, हवेत धूसर कण तरंगताना दिसतात आणि मागून एक बाई लस घेण्याचं वय न झालेलं बाळ घेऊन आत येते. तिला थांबवायची सोय गेममध्ये ठेवू नका.

मग आकडे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवरचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो. १५ धरले, तर साथ रोखायला सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. लस शंभर टक्के लागू पडत नाही, म्हणून लसीकरणाचा आग्रह ९५ टक्क्यांचा. खेळणाऱ्याला हा आकडा ८५ वर आणून तीच वस्ती पुन्हा चालवू द्या. यामागचं गणित कळायला केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं, साथ कशी पसरते ते मांडणारं १९२७ चं गणिती प्रारूप पुरतं. युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आणि सी शार्प (त्यात वापरायची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकता येतं, पण या गणिताला बगल देऊ नका.

लोक लस का टाळतात, याची जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने तीन कारणं मांडली आहेत: विश्वास नसणं, धोका न वाटणं आणि लस सहज न मिळणं. माझ्या मते व्हीआरची खरी ताकद दुसऱ्या कारणापुरती आहे. केंद्र लांब असेल किंवा कामावरून सुट्टी मिळत नसेल, तर गेम काय करणार? काम देणाऱ्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

गरगरणं हा आणखी एक शत्रू. कॅमेरा आपण होऊन हलवायचा नाही, फ्रेमरेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडू द्यायचा नाही, खेळणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, पाच-सात मिनिटांत आटपायचं. दर खेळणाऱ्यानंतर हेडसेट पुसायचा. आरोग्याच्या गेममधून डोळे आले तर शोभा होईल!

खेळून झाल्यावर सगळेच ‘भारी आहे’ म्हणतात. त्यातला बराच भाग नवलाईचा असतो. म्हणून खेळण्याआधी, लगेच नंतर आणि काही आठवड्यांनी तेच प्रश्न विचारा, आणि साधा व्हिडिओ पाहिलेल्या गटाशी तुलना करा. ‘लस घेईन’ म्हणणं आणि प्रत्यक्ष घेणं यांची नोंद वेगळी ठेवा.

नोकरीसाठी काम दाखवायचं असेल, तर एक खोली, एक आजार, पाच मिनिटं एवढंच करा, आणि ते आधी कधीच गेम न खेळणाऱ्या माणसाला खेळायला द्या.