नळी न लावता गाडी धुणे: एक बादली, आठ फडकी आणि चरे न पाडणारा हात

उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटकडे जरा तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतील. गाडी चालवून हे चरे पडत नाहीत, धुण्या-पुसण्यातूनच पडतात. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे, काचेवरही तो ओरखडा काढतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. चरे घालवायला पॉलिश केलं की याच थरातला थोडा भाग कायमचा जातो. म्हणून चरे पडूच न देणं महत्त्वाचं.

नळीने धुताना पाण्याचा झोत हे कण आधीच वाहून नेतो. नळी नसेल तर ते काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावं लागतं. त्यासाठी रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण मिळतं. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणांभोवती गुळगुळीत आवरण धरतात आणि कण रंगावर न घासता फडक्याच्या तंतूंत शिरतो. पुसल्यावर जे काही मागे राहतं ते इतकं विरळ असतं की वरून पाणी ओतावं लागत नाही. साधा कार शाम्पू इथे चालत नाही. तो धुऊन काढण्यासाठीच बनवलेला असतो आणि तसाच वाळला तर पट्टे उमटतात. भांड्यांचा साबण तर अजिबात नको. तो मेणाचा थर उतरवतो आणि फेस पुसता पुसता नाकी नऊ येतात.

वॉटरलेस वॉश ही वेगळी वस्तू आहे. त्यात बादली नसते, फवारायचं आणि पुसायचं. अगदी हलक्या धुळीला ते ठीक, पण आठवडाभराची धूळ असेल तर बादलीचीच पद्धत धरा.

आधी गाडी धुण्याजोगी आहे का ते बघा

ही पद्धत धुळीसाठी आणि पावसाच्या सुकलेल्या डागांसाठी आहे. दाराच्या खालच्या भागावर चिखलाचे पोपडे धरले असतील किंवा बोट टेकवल्यावर वाळू कचकचत असेल, तर फडकं लावू नका. हाताने दाब भरायच्या फवारणीच्या पंपाने साधं पाणी मारून चिखल भिजवा, पाच मिनिटांनी पुन्हा मारा आणि तो आपोआप गळू द्या. तरीही थर राहिला तर त्या दिवशी प्रेशर वॉशर असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी हेच शहाणपणाचं. द्रावण कितीही चांगलं असलं तरी चिखलाच्या थराखाली पोहोचत नाही.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून बघा. चटका सोडाच, ऊब जरी लागली तरी अर्धा तास थांबा. गरम पत्र्यावर द्रावण पुसायच्या आत सुकतं.

सामान आणि प्रमाण

मध्यम आकाराच्या गाडीला ८ लिटर पाणी पुरतं. बरीच द्रावणं १ भागाला २५६ भाग पाणी या प्रमाणात वापरायची असतात, म्हणजे ८ लिटरला सुमारे ३० मिली. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा आणि मापाचं झाकण वापरा. अंदाजाने ओतलेलं द्रावण नेहमी जास्तच पडतं आणि जास्त झालं की काचेवर व काळ्या रंगावर धुरकट पट्टे राहतात. फेस येत नाही म्हणून आणखी ओतू नका, यात फेस नसतोच. बादलीत आधी पाणी, मग द्रावण.

फवारणीच्या बाटलीत १ लिटर पाण्याला १० ते १५ मिली घाला. हे मिश्रण मुद्दाम जरा घट्ट ठेवायचं, कारण धुळीशी पहिली गाठ त्याचीच पडते.

पाणी शक्य तितकं मऊ असावं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सुकून पांढरे ठिपके पडतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वाचवण्याची इच्छा चांगली, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरा, गाडीला नको.

मायक्रोफायबरची ८ फडकी घ्या, ४० × ४० सेंटिमीटरची, ३०० ते ४०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाची. कडेला शिवलेलं लेबल कापून टाका, त्याची कड रंगावर घासते. नवी फडकी एकदा धुऊन मगच वापरा. याशिवाय कोरडं करायला जाड मोठी २ फडकी, काचेसाठी २ आणि चाकांसाठी जुनी ३ लागतील. चाकांची फडकी कायमची वेगळ्या रंगाची ठेवा. ब्रेकच्या पॅडमधून उडणारी लोखंडाची पूड एकदा तंतूंत बसली की धुऊनही पूर्ण निघत नाही.

धुण्याची पद्धत

आठही फडकी बादलीत बुडवून ठेवा. वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही, हा एक नियम काटेकोर पाळलात तर बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं.

टपापासून सुरुवात करा. मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, डिकी आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सगळ्यात खरखरीत घाण खालीच असते.

एका वेळी एकच भाग घ्या. त्यावर भरपूर फवारा आणि मिनिटभर थांबा, पण सुकू देऊ नका. बादलीतलं एक फडकं उचला, हलकं दाबून थेंबांची धार थांबेल इतकंच निथळवा. पिळून कोरडं केलेलं फडकं रंगावर अडकतं. दोनदा घडी घातली की हातात चौकोन येतो आणि वापरायला ८ बाजू मिळतात. हाताचा भार न देता, फडक्याच्या स्वतःच्या वजनाने, एका दिशेला सरळ ओढा. गोल गोल नाही आणि मागे-पुढेही नाही. एक पट्टा झाला की घडी उलटा आणि पुढचा पट्टा स्वच्छ बाजूने घ्या. मळलेली बाजू पुन्हा रंगाला लागता कामा नये. आठही बाजू संपल्या की ते फडकं बाजूला. हात फिरवताना खरखर जाणवली तर तिथेच थांबा, फडकं उचला आणि पुन्हा फवारा. जोर लावून डाग जात नसतो, चरा पडतो.

पुसलेला भाग ओला असतानाच जाड फडकं त्यावर पसरा आणि दोन टोकं धरून अलगद ओढा. थोडा ओलसरपणा राहिला तर दुसऱ्या फडक्याने टिपा. मगच पुढच्या भागाकडे वळा. आरशांच्या सांध्यातून आणि दारांच्या मुठींमागून नंतर पाणी ओघळतं, ते शेवटी एकदा पुसून घ्या.

काचेला वेगळं, घट्ट पिळलेलं फडकं आणि मागोमाग कोरडं. वायपर उचलून त्यांची रबराची धारही पुसा.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं नुसतं ठेवा, मग वर उचला. तिच्यातलं युरिक आम्ल रंग खातं, त्यामुळे ती राहू देऊ नये, पण सुकलेली खरवडूही नये. डांबराच्या ठिपक्यांना हे द्रावण पुरत नाही, त्यासाठी डांबर काढायचं वेगळं द्रव लागतं.

चाकं शेवटी, बादलीत उरलेल्या पाण्याने. ब्रेक गार झालेले असावेत, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलेलं चांगलं नाही.

धुरकटपणा राहिला तर

बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असतं: द्रावण जास्त, पत्रा गरम किंवा कोरडं करायचं फडकं चिंब झालेलं. साध्या पाण्याने ओलसर केलेलं स्वच्छ फडकं एकदा फिरवा, लगेच कोरडं करा.

फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरू नका. काम संपल्यावर सगळी फडकी त्याच दिवशी थोड्या पातळ डिटर्जंटने धुवा, चाकांची वेगळी. कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नका, सुताचे धागे त्यात अडकतात आणि पुढच्या वेळी काचेवर उतरतात. सुकवा सावलीत, आणि वाळली की धूळ बसणार नाही अशा झाकणाच्या डब्यात ठेवा.