आधी पेशंटला विचारा: वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी

मेडिसिन वॉर्डात ड्युटी लागली की जेवणाआधीचं इन्सुलिन टोचताना एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या, "आजी, आज उपास आहे का?" आषाढी, संकष्टी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, आपल्याकडे उपास वर्षभर चालू असतात. पेशंट आपणहून सांगत नाही, सिस्टर ओरडतील अशी भीती असते. ताट आलंय म्हणून आपण इन्सुलिन देतो आणि ताट तसंच स्टुलावर झाकून राहतं. थोड्या वेळाने घाम, थरथर, साखर 70 च्या खाली. कुणी साबुदाण्याची खिचडी पोटभर खातं, मग साखर चढते. आधी कळलं तर डॉक्टरांना विचारून डोस बदलता येतो, दूध, ताक, शेंगदाणे असं काही पोटात जाईल हे बघता येतं. उपास मोडायला लावणं हे आपलं काम नाही.

रमजानचंही तसंच, फक्त तयारी महिना-दोन महिने आधी ओपीडीतच व्हायला हवी. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा सहेरी आणि इफ्तारला कशा बसवायच्या, ते डॉक्टर ठरवतात. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली तर रोजा सोडायचा, हे पेशंटला आणि घरच्यांना आधीच नीट समजावून सांगा. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, पण हे आपण सांगण्यापेक्षा त्यांच्या मौलानांनी सांगितलं तर मनाला लागत नाही. म्हणून मी नातेवाइकांना म्हणते, त्यांच्याशी एकदा बोलून घ्या.

आडनावावरून मात्र काहीही ठरवू नका. एखादे जैन आजोबा सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, त्यांच्या रात्रीच्या गोळ्यांची वेळ बदलून घ्यावी लागते. शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या जैन काकांना कांदा-बटाटाही चालतो. कॅप्सूलचं आवरण बहुधा जनावरापासून काढलेल्या जिलेटिनचं असतं. कुणी त्याबद्दल विचारलं तर खरं सांगा आणि तेच औषध गोळी किंवा सिरपमध्ये मिळतं का ते बघा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते गडचिरोलीच्या उदाहरणाने. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' संस्था सुरू केली. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं, की तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीत हरवायला होतं, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. पांढऱ्या कपड्यात तर तिथले आदिवासी मेलेल्या माणसाला गुंडाळतात! मग 'सर्च'च्या शोधग्राम या वसाहतीत दवाखाना उभा राहिला तो गोंडांच्या गावासारखा. पेशंटसोबत घरच्यांना राहता येईल अशा झोपड्या आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. उपचार मात्र आधुनिकच. आपल्या सरकारी वॉर्डात झोपड्या बांधता येणार नाहीत, पण "तुम्हाला इथं कशाची भीती वाटते?" हे विचारायला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी खरी कसोटी लागते ती मंगळसूत्राची. ऑपरेशन थिएटरमध्ये धातू चालत नाही. कॉटरीने, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाने, भाजण्याचा धोका असतो, एमआरआयला तर प्रश्नच नाही. पण "काढा हो लवकर" म्हणून गळ्याला हात घालू नका. कारण सांगा, पडदा ओढा, तिच्या हाताने तिला काढू द्या, घरच्यांच्या हाती देऊन केसपेपरवर नोंद आणि सही घ्या. काही बायका हळकुंड बांधलेला दोरा मागतात. भूलतज्ज्ञांना विचारून तो मनगटावर बांधता येतो. ताईत सलाईनच्या हातावर असेल तर दुसऱ्या हातावर बांधायला सांगा, न विचारता कात्री चालवू नका. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर तिथे एक बाई हवीच, मग ती कुठल्याही धर्माची असो. तो तिचा हक्क आहे.

आता जिथे माघार घ्यायची नाही ते. पहिल्या दिवसाचा चीक पिळून टाकणं आणि तान्ह्याला मध चाटवणं, हे दोन्ही थांबवायचंच. मधातून बाळाला बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. सासूबाईंवर खेकसू नका. त्यांनाच जवळ बसवून बाळाला छातीशी धरायला मदत करायला सांगा. आणि मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याचे चटके देतात, ती इजा आहे. असं बाळ आलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, जखम आणि तारीख लिहून ठेवा.

साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेऊन उपचारापासून रोखणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण नातेवाईक भगताकडून फिरून आले म्हणून दारातच सुनावू नका, पुढच्या वेळी ते आणखी उशिरा येतील. गंडा राहू द्या, सापाच्या विषावरचं इंजेक्शन एक क्षणही थांबवू नका.

शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना हळूच विचारा, काही करायचंय का. कुणी तुळशीपत्र आणि गंगाजल आणतं, कुणी फादरना बोलावतं, कुणी कलमा म्हणतं, कुणी त्रिशरण. पेशंटला गिळता येत नसेल तर पाणी तोंडात ओतू नका, कापसाने ओठ ओले करायला सांगा.

हे सगळं हँडओव्हरमध्ये लिहा: उपास कधी, काय खात नाही, अंगावरचं काय काढलंय आणि कुणाकडे दिलंय. रात्रपाळीच्या सिस्टरला ते वाचून दाखवूनच ड्युटी सोडा.