केसांना डाय लावताना या चुका टाळा: दोष पीपीडीचा, आळ कोळंबीवर

रविवारी सलूनमध्ये केस काळे करून घेतले, सोमवार सुरळीत गेला आणि मंगळवारी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजलेल्या, कानामागे पुरळ, कपाळाच्या कडेला पाणी सुटलेलं. मुंबईत अशा वेळी आळ घ्यायला उमेदवार भरपूर: खोदकामाची धूळ, लोकलमधला घाम, आदल्या रात्रीची कोळंबी. डायचं नाव मात्र कुणाच्या तोंडी येत नाही, कारण तो लावून दोन दिवस झालेले असतात.

पहिली चूक हीच. बहुतेक पक्क्या काळ्या डायमध्ये पॅरा-फिनिलीनडायअमिन म्हणजे पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी उशिरा उमटते, साधारण २४ ते ७२ तासांनी. त्यामुळे पुरळ दिसलं की काल काय खाल्लं ते आठवण्याआधी गेल्या तीन दिवसांत डोक्याला काय लावलं ते आठवा.

पीपीडी मुळात पांढरट स्फटिकांच्या रूपात असतं, हवा लागली की काळपटतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, डायमधल्याच रेसॉर्सिनॉलसारख्या दुसऱ्या रसायनाशी ते जुळतं आणि केसाच्या आतच मोठे रंगीत रेणू तयार होतात. ते बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग धुऊन जात नाही. पण जो चिमुकला रेणू केसात शिरतो, तो कातडीतही शिरतो. तिथे तो प्रथिनांना चिकटला की काहींची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला कायमचा शत्रू ठरवते. मग पुढच्या खेपेला थोडासा डायही पुरतो.

म्हणूनच ‘दहा वर्षं हाच लावतोय, कधी काही झालं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. ही ॲलर्जी कितव्याही वेळी सुरू होऊ शकते. दर वेळी ४८ तास आधी, पाकिटातल्या सूचनेप्रमाणे, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा डाय लावून बघा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पार्लर गाठणाऱ्यांना हे जमत नाही, आणि फोटोत सुजलेले चेहरे त्यांचेच दिसतात. आधी कधी डायने खाज किंवा सूज आली असेल, तर घरी ही चाचणीसुद्धा करू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

सगळ्यात जास्त फसवणूक ‘काळी मेंदी’ करते. मेंदीच्या पानातलं लॉसोन केशरी-तांबडा रंग देतं, काळा नाही. मेंदीवर निळीच्या पानांची पूड लावून काळपट छटा आणता येते, पण तो वेळखाऊ उद्योग आहे. पुडी फोडली, पाण्यात कालवली आणि थोड्या वेळात केस कुळकुळीत झाले, तर त्यात पीपीडी असण्याचीच शक्यता दाट. पुडीवरच्या पानाफुलांच्या चित्राला भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘अमोनिया नाही’ याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही. जत्रेत काढून मिळणाऱ्या काळ्या टॅटूतही ते असू शकतं, तेही केसांच्या डायपेक्षा कितीतरी तीव्र प्रमाणात. मुलांच्या हातावर तो नकोच.

भुवया आणि पापण्यांना हा डाय कधीच लावू नये. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्यूर नावाच्या पापण्यांच्या रंगाने काही बायकांची दृष्टी गेली होती. त्यातही पीपीडीच होतं. दाढी-मिशांची कातडी नाजूक, तिथे जपून. ओरखडे असतील किंवा कोंडा खाजवून डोकं सोललं असेल, तर डाय पुढे ढकला. हातमोजे घाला आणि सलूनमध्ये काम करणाऱ्या पोरांनाही घालायला लावा, हा माल रोज त्यांच्या बोटांना लागतो.

खाज सुटलीच तर डोकं भरपूर पाण्याने आणि सौम्य शांपूने धुऊन काढा. वर लिंबू, हळद, जंतुनाशक असं काही चोळू नका. चेहरा सुजला किंवा पाणी सुटलं तर केईएम, सायन, नायर यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या त्वचा विभागात जा आणि डायचं पाकीट सोबत न्या. नंतर डॉक्टर पाठीवर पॅच लावून नेमकं कशाचं वावडं आहे ते तपासू शकतात. पीपीडी निघालं, तर बेन्झोकेन (बधिर करणारं औषध) असलेली मलमं आणि सल्फाची औषधं घेण्याआधीही डॉक्टरांना सांगा, काहींना तीही बाधतात. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर ओपीडीच्या रांगेत थांबू नका, तडक अपघात विभाग गाठा.

डाय पोटात जाणं ही वेगळीच आणीबाणी. काही तासांत जीभ आणि गळा सुजून श्वास कोंडतो, पुढे स्नायूंच्या पेशी फुटतात, लघवी कोलासारखी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. यावर खास उतारा नाही. उलटी करवू नका, १०८ ला फोन करा. वन रूम किचनमध्ये सामान ठेवायला जागा नसते हे खरं, तरी डायची बाटली मोरीच्या कट्ट्यावर नको आणि कालवलेला डाय शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नको. लहान मूल तो पिऊ शकतं, शिवाय झाकण घट्ट लावलं तर आत वायू साठून बाटली फुटते. उरलेला डाय त्याच दिवशी टाकून द्या.