भरीत पार्टीचा हिशेब आणि ग्रुपवर पेटलेलं भांडण

थंडीत शेतात भरीत पार्टी होते, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "हिशेब दे भो." समोरासमोर हेच हसत म्हटलं असतं. अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत, तर निम्मी गंमत हेल काढण्यातच असते. लिहिलं की हेल जातो, आरोप तेवढा उरतो, तोही साठ जणांसमोर. त्यात ग्रुपमध्ये मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करता येत नाहीत. वाचून गप्प बसलेला चोर ठरतो.

तिखट लिहून गेलं असेल तर पहिली १५ मिनिटं हाताशी असतात. तेवढ्यात मेसेज एडिट होतो. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तिथे 'मेसेज डिलीट केला' अशी ओळ उरते आणि मूळ वाक्यापेक्षा वाईट तर्क सुरू होतात. शिवाय स्क्रीनशॉट निघालेला असतोच. म्हणून वेळ गेली असेल तर मेसेज राहू द्यावा आणि खाली साधं लिहावं: "चुकीचं बोललो, फोन करतो."

आणि खरंच फोन करावा. व्हॉइस नोट नको, तीही फॉरवर्ड होते. रात्री अकरानंतर तर काहीच नको. फोनवर जमलं नाही तर चहाच्या टपरीवर दोघं आणि दोघांना चालेल असा तिसरा, बस्स. स्क्रीनशॉट फिरवणारा तो तिसरा नसावा.

अ‍ॅडमिनने 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग एका रात्रीपुरती लावावी, पण आधी कारण सांगून. न सांगता लावली तर तोंड दाबल्यासारखं होतं. कोणाला काढून मात्र टाकू नये. काढलेला तासाभरात दुसरा ग्रुप उघडतो आणि भांडणाला दोन घरं मिळतात.

पैशाचा वाद आकड्यांनीच मिटतो. एकाच मेसेजमध्ये: १२ जण, प्रत्येकी १५० रुपये, जमा १८००. वांगी, तेल, मिरच्या, कळण्याचं पीठ मिळून खर्च १७४०, शिल्लक ६०. सोबत पावत्यांचे फोटो. समेट खाजगीत झाला तरी अपमान ग्रुपवर झाला होता, म्हणून माफीची एक ओळ ग्रुपवरच टाकावी. पोरं नेमकी हीच पायरी गाळतात, आणि अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) अबोला चालतो.

स्टेटसवरचा टोमणा २४ तासांत आपोआप जातो. त्याला आपल्या स्टेटसने उत्तर देऊ नये. इन्स्टाग्रामवर ब्लॉकपेक्षा 'रिस्ट्रिक्ट' बरं: त्याच्या नव्या कमेंट आपण मान्य केल्याशिवाय इतरांना दिसत नाहीत, आणि त्याला तसं कळवलंही जात नाही.

वाद जातीवर, धर्मावर किंवा अफवेवर गेला तर ग्रुपवर समजूत घालत बसू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. असा मेसेज अ‍ॅडमिनने लगेच काढावा, त्याआधी स्क्रीनशॉट ठेवून.

धमकी आली तर ब्लॉक करण्याआधी नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, 'एक्सपोर्ट चॅट' करून घरच्या मोठ्यांकडे पाठवावं. जिवाची भीती असेल तर ११२ वर फोन करावा, मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर.